69 मिलिमीटरची कांडी

2024 च्या श्रावणात आमच्या गल्लीतले एक काका कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गाळ्यावर आले. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. "हे पेनड्राइव्ह हाय का बघ रं. पोराच्या जीन्सच्या खिशात घावलं, धुण्यात. कॉम्प्युटरला लावायला गेलो तर ह्येला तोंडच न्हाई."

अंगठ्याएवढी जाड, निळी-गुलाबी नळी. नाकाजवळ धरली तर कलिंगडाचा वास. एवढ्यावरून मी ओळखलं, कारण आदले दोन महिने मी याखेरीज दुसरं काही वाचतच नव्हतो.

"काका, ही सिगारेट आहे."

काकांनी ती परत रुमालात गुंडाळली. मग पुन्हा उघडली. "पेटवायची कुठनं?"

मी स्वतः एकोणीस वर्षं सिगारेट ओढत होतो. दिवसाला पंधरा, ऑर्डरची घाई असली की वीस. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि तीन माणसं एवढा माझा पसारा. पंपाचे शाफ्ट आणि बुश करून देतो. जॉब चकात बांधला, फीड लावला की मशीन आपलं आपण कापत राहतं, हात मोकळा होतो आणि मोकळ्या हातात सिगारेट येते. त्यात आजोळ निपाणीच्या बाजूचं, म्हणजे तंबाखू काही परकी नव्हे. आजीच्या घरात तो उग्र, गुळमट वास भरून असायचा आणि कोनाड्यात तिची मिश्रीची डबी. सोडायची का ठरवली हे लांबण लावून सांगत नाही. खोकला होता, जिना चढताना धाप लागत होती. आणि एक दिवस धाकटीनं पाकिटावरच्या त्या सडलेल्या गळ्याच्या चित्राला स्केचपेननं मफलर काढला. तेवढं पुरलं.

माझा आतेभाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो. त्यानं तिथं सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, धरलं होतं. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दादा, तू मशीनवाला माणूस, तुला पाच मिनिटांत कळंल." आणि कॅमेऱ्यासमोर त्यानं सगळं सुटं करून दाखवलं. एक बॅटरी. वर छोटी टाकी, तिला पॉड म्हणतात, जेमतेम 2 मिलिलिटरची. टाकीच्या बुडाशी कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं नाहीतर जाळी, आणि तिला लागून कापूस. कापूस लिक्विड शोषतो, तार तापते, लिक्विडची वाफ होते. गिझरचं एलिमेंट आणि निरांजनाची वात यांचं लग्न लावलं की जे होईल ते. जळत काही नाही, म्हणून टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. सिगारेटमध्ये निकोटीन माणसाला खिळवून ठेवतं. मारतो तो मुख्यतः जळण्याचा धूर. व्हेप निरुपद्रवी आहे असं तोही म्हणत नव्हता. जो ओढतच नाही त्यानं त्याला हात लावू नये, आणि जो ओढतो त्यानं सिगारेट पूर्ण सोडण्यासाठीच तो घ्यावा, असं तिथली सरकारी आरोग्यसेवा सांगते म्हणाला. अर्धं हे अर्धं ते करणारेही तिकडं पुष्कळ, आणि त्यांच्या छातीत धूर जातोच.

मग त्यानं स्वतःच्या चुका सांगितल्या, आणि त्या मला जास्त आवडल्या. पहिल्यांदा त्यानं ढग काढणारं मोठं मशीन आणलं. त्याची कॉइल अर्ध्या ओहमच्याही खाली, वॅट जास्त, आणि वाफ थेट छातीत ओढायची. सिगारेट ओढणारा माणूस आधी तोंडात झुरका घेतो, मग छातीत. त्याला ते जमेना, नुसता ठसका. त्याला हवं होतं ते छोटं, घट्ट ओढीचं, एक ओहमच्या आसपासच्या कॉइलचं. दुसरं, ताकद कमी आहे तर बरं असं समजून त्यानं 3 मिलिग्रॅमचं लिक्विड घेतलं, आणि तल्लफ काही भागेना म्हणून दिवसभर ते ओढत बसला, वर सिगारेटही चालूच. तिकडं कायद्यानं एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. दिवसाला पाकीट ओढणाऱ्याला सुरुवातीला त्या वरच्या टोकाजवळच जावं लागतं, मग उतरत यायचं. लिक्विडमध्ये मुख्यतः दोन पदार्थ असतात, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन. पहिला पातळ, घशाला सिगारेटसारखा लागतो. दुसरा घट्ट, ढग देणारा. छोट्या कॉइलला निम्मं-निम्मं चालतं. फार घट्ट घेतलं तर कापसात उतरत नाही.

आणि तिसरी चूक ऐकून मी हसलोच. नवी कॉइल घातली, टाकी भरली आणि लगेच ओढलं. कापूस कोरडा, तार लाल, तोंडात करपलेल्या फोडणीची चव आणि ती दोन दिवस जाईना. भरून दहा मिनिटं थांबायचं असतं. "म्हणजे पंप प्राइम न करता, आत पाणी न भरता बटण दाबलंस," मी म्हणालो. पंपाच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मला ते यंत्र पटलं होतं, हे कबूल करतो. "दिवाळीला येताना दोन घेऊन येतो," तो म्हणाला. मी हो म्हणून बसलो. मग रात्री कायदा वाचायला घेतला, कारण कस्टमच्या नावानं मला आधीच कापरं भरतं.

आपल्याकडं 2019 च्या सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाहून नेणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. साठवणं सोडलं तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कारण दिलं ते पोराबाळांचं, ती या गोड वासानं लागतात हे. मला त्या रात्री राग आला होता. जी वस्तू खात्रीनं मारते ती गल्लोगल्ली, आणि सुटी विकायला 2020 पासून महाराष्ट्रात बंदी असूनही टपरीवर सुटीच मिळते. आणि ही बंद. राग आजही पूर्ण गेलेला नाही. पण भावाला सकाळी फोन करून "आणू नकोस" म्हणून सांगितलं.

आणि मग काकांची ती कलिंगडाची नळी आली.

ती बंद पडलेली होती. "फोडू का?" विचारलं, काका म्हणाले, "चेच तिला." चेचली नाही, आत लिथियमची बॅटरी असते, तिला हातोडा म्हणजे भडका. बूड हळूच उकललं. आत निघाली ती करंगळीपेक्षा थोडी जाड बॅटरी, 3.7 व्होल्ट लिहिलेली. तिच्या टोकाला बटणाएवढा एक माइकसारखा तुकडा. माणसानं ओढलं की हवेचा दाब बदलतो आणि तो सर्किट चालू करतो. काकांच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं, पेटवायचीच नाही. लाल-काळ्या दोन वायरी, सोल्डरचे डाग ओघळलेले. वर लिक्विडनं भिजलेला स्पंज आणि मधोमध कॉइल. मल्टीमीटर लावला, 1.2 ओहम. 3.7 चा वर्ग भागिले 1.2, म्हणजे साधारण साडेअकरा वॅट. दिव्यातल्या झिरो बल्बाच्या आसपास. कॉइलजवळचा कापूस काळा, पापड झालेला. तार कसली, माहीत नाही. डाग शिशाचा की कसला, माहीत नाही. नळीवर निकोटीन 5 टक्के लिहिलेलं, म्हणजे एका मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. लेस्टरच्या कायद्याच्या अडीचपट. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

मी दहा पैशाचा बुश दिला तरी गिऱ्हाईक माप घेतं, नापास झाला तर परत पाठवतं. ही वस्तू कुणीच तपासलेली नव्हती आणि बंदीच्या बाजारात कुणी तपासणारही नव्हतं. कोल्हापुरात मिळत नाही असं नाही. मिळते ती हीच. लेस्टरचं ते सुटं करून दाखवलेलं यंत्र आणि ही नळी यांचं नावच काय ते एक. बोटं चिकट झाली होती, ती साबणानं दोनदा धुतली, कारण निकोटीन कातडीतूनही शिरतं. बॅटरी ई-कचऱ्यात दिली. काकांच्या पोरानं त्याआधी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. त्याला समजावायला मला बोलावलं, तेव्हा माझ्या शर्टाला पंधरा सिगारेटींचा वास येत होता. पोरगं काही बोललं नाही, नुसतं माझ्या खिशाकडं बघितलं.

मग राहिला तो मेडिकलमधला च्युइंगगम. निकोटीनचा गम, 2 मिलिग्रॅमचा, पट्टी मागितली की मिळते. मी पट्टी घेतली, तडक मिसळ खायला गेलो, वर चहा मारला आणि गम तोंडात टाकून पोरं फुगे फुगवतात तसा चघळला. दहा मिनिटांत उचकी लागली. घशात मिरची, छातीत जळजळ, आणि तल्लफ आहे तशी. "असल्यानं काय व्हतंय," म्हणून बाहेर येऊन सिगारेट पेटवली. पट्टीतले नऊ गम खिडकीत पडून राहिले.

पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो, 2018 पासून. सहा वर्षं तो माझ्या खिशात होता. एका संध्याकाळी लावला. मराठीत बोलू का विचारलं, पलीकडच्या बाई हो म्हणाल्या. मला वाटलं आता कीर्तन होणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. पहिलाच प्रश्न, "उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात?" म्हटलं, "चूळ भरायच्या आधी." पुढं मी ज्या डॉक्टरांकडं गेलो त्यांनीही हाच प्रश्न विचारला. दिवसाला किती यापेक्षा पहिली कधी, यावर पकड किती घट्ट ते कळतं म्हणे. अर्ध्या तासाच्या आत असेल तर 2 मिलिग्रॅमचा गम म्हणजे बुडत्याला काडी. मला चिठ्ठीवर 4 चा गम दिला आणि त्याच्या जोडीला अंगाला चिकटवायचा निकोटीनचा पॅच.

डॉक्टरांनी गम चघळायची रीत शिकवली, आणि ही रीत कळली नसती तर माझं पुढचं सगळं फुकट गेलं असतं. तो चघळायचा नसतोच. हळू दहा-पंधरा वेळा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या, तिखट लागलं की थांबायचं. गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, थेट तंबाखूच्या बारसारखा. झिणझिण्या ओसरल्या की परत दोन-चार चावे, परत ठेवायचा, दुसऱ्या बाजूला. अर्धा तास चालतो. निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून जातं. गिळलं तर पोटात जाऊन नुसती उचकी आणि जळजळ. आणि चहा, कॉफी, लिंबू, ताक, काहीही आंबट किंवा तुरट पोटात गेलं की तोंडात आम्ल होतं, मग गालातून काही शोषलंच जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. मी मिसळीवर लिंबू पिळून, चहा पिऊन गम खाल्ला होता.

दुसरी गोष्ट वेळेची. सिगारेटचं निकोटीन दहा-वीस सेकंदांत डोक्यात पोचतं. गमला पुरतं चढायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून तल्लफ आल्यावर गम टाकला की उशीर झालेला असतो. दर तासा-दीड तासानं, तल्लफ यायच्या आधी टाकायचा. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख पडलं. गार करणारं कूलंट हे टूल लाल झाल्यावर सोडत नाहीत, कट लावायच्या आधी सोडतात.

पॅच सोपा. सहा आठवडे 21 मिलिग्रॅमचा, मग दोन आठवडे 14, दोन आठवडे 7. रोज नवी जागा. दंडावर लावला तर घामानं सुटायचा, मग पाठीला, बायकोकडून. पहिल्या आठवड्यात स्वप्नं अशी रंगीत पडली की खासबाग मैदानात मी लंगोट लावून उभा आणि समोर जीएसटीचा अधिकारी. डॉक्टर म्हणाले, रात्री काढून ठेवा. काढला, तर अधिकारी यायचा बंद झाला; पण सकाळची ती चूळ भरायच्या आधीची तल्लफ बोकांडी बसायची. शेवटी स्वप्नं पत्करली.

मी डॉक्टरांनाही विचारलं होतं, व्हेप जास्त चांगलं नाही का? ते आडवळणानं बोलले नाहीत. म्हणाले, बाहेरच्या देशांतल्या चाचण्यांत निकोटीनच्या व्हेपनं सिगारेट सोडणारे गमपेक्षा जास्त निघालेत, हे खरं. पण ते तपासलेल्या मालाचं, आणि इथं तो माल नाही, कायद्यानं चालतही नाही. जे हातात आहे ते नीट वापरा. बहुतेक लोक गम चुकीचा खातात आणि गमला शिव्या देतात.

दिवस मी खंडेनवमीचा धरला. त्या दिवशी लेथ पुसून काढतो, झेंडूचे हार घालतो, टूलना हळदकुंकू लावतो. मशीन बंद असतं म्हणजे फीड लावून हात मोकळा होण्याचा प्रश्न नाही. आदल्या रात्री शेवटच्या पाकिटात एक उरली होती. ओढायच्या आधी सवयीनं व्हर्नियर लावला. लांबी 69, व्यास पावणेआठ. मोजून झाल्यावर ओढली. चव नेहमीचीच होती.

पहिले तीन दिवस वाईट. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पोराला ओरडलो, कामगाराला ओरडलो, एका शाफ्टला पाव मिलिमीटर जास्त कट दिला आणि जॉब भंगारात. झोप उडाली, आणि ती निव्वळ सिगारेटमुळं नव्हती. धुरातले काही पदार्थ यकृताला चहातलं कॅफिन झपाट्यानं संपवायला लावतात. सिगारेट थांबली की यकृताचा तो वेग उतरतो, आणि तेच सात कप चहा अंगात दुप्पट भिनतात. छाती धडधडते, हात थरथरतात, आणि माणूस म्हणतो, सिगारेट सोडली म्हणून होतंय, परत धरतो. चहा चारवर आणला, धडधड गेली. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तो शाफ्ट वाचला असता.

पोट आठ दिवस बसलं. वजन दोन महिन्यांत पाच किलो वाढलं, कारण चव परत आली; पांढऱ्या रश्श्यात खसखस असते हे तोंडाला एकोणीस वर्षांनी कळलं. बायको म्हणाली, "अवो, सिगारेट सोडलीसा का धरलीसा, ताट काय सुटंना झालंय."

पण निकोटीन मिळत होतं, तल्लफ आटोक्यात होती, तरी हात मात्र ऐकत नव्हता. फीड लावला की उजवा हात खिशाकडं जायचा. लवंग झाली, बडीशेप झाली. आतेभावाच्या यंत्रात हीच एक गोष्ट होती जी गममध्ये नाही: हातात धरायला काहीतरी, ओठांना लावायला काहीतरी, छातीत ओढायला काहीतरी. चौथ्या दिवशी दुपारी ॲल्युमिनियमचा 10 चा बार चकात बांधला. व्यास पावणेआठवर आणला, लांबी 69 ला कापली. फार जड वाटली म्हणून दोन्ही बाजूंनी 6 चं भोक मारून पोकळ केली. फिल्टर असतो त्या टोकाला बारीक नर्लिंग मारलं, खरखरीत, म्हणजे बोटाला कळावं. धारा घासल्या, पॉलिश केलं. ओठात धरून ओढली, आरपार गार हवा आली. चार-पाच लांब श्वास, तेवढ्यात तल्लफेची लाट येऊन जाते. ती काही मिनिटांचीच असते, आपल्याला तासाची वाटते. कामगार बघत होता. "मालक, पेटवू का?" म्हणाला.

ती कांडी वरच्या खिशात राहिली, पाकिटाच्या जागी. टपरीवर चहाला उभा राहायचो तेव्हा हातात धरायचो. लोक हसायचे. संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारताना एका ओळखीच्यानं विचारलं, "हे काय नवीन, व्हेप का?" त्याला आरपार बघायला दिली.

फेब्रुवारीत एकदा घसरलो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच, टायब्रेकरवर गेलेली, आमच्या पेठेचा पाचवा फटका पोस्टला लागला, आणि शेजारच्यानं पुढं केलेली मी घेतली. अर्धी ओढली. डोकं गरगरलं, घाम फुटला. पॅच संपून महिना उलटला होता, गम दिवसाला चारवर आला होता. रात्री क्विटलाइनच्या बाईंचं बोलणं आठवलं. घसरलात तर त्या दिवसाला शून्य धरू नका, दुसऱ्या दिवशी गम आहे तसा चालू ठेवा. ठेवला. आता 2 मिलिग्रॅमचा, तोही रोज नाही. मॅचला जाताना मात्र पट्टी नेतो आणि टॉस व्हायच्या आधी एक गालात.

आतेभावाचा मध्ये फोन होता. वापरून फेकायची व्हेपं तिकडंही 2025 च्या जूनपासून बंद झाली. तो आता 3 मिलिग्रॅमवर आहे. काकांचं पोरगं मुंबईला नोकरीला लागलं. काका त्याबद्दल काही बोलत नाहीत, मी विचारत नाही.

आणि कांड्या मी आतापर्यंत सहा केल्या. परवा शेजारच्या गाळ्यातले पॅटर्नवाले, ओतकामाचे लाकडी नमुने करणारे, येऊन उभे राहिले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, लाकडाचे भाव, पाऊस. जाता जाता खिशातलं पाकीट काढलं, एक सिगारेट माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "नाप घे. मला 84 ची लागंल, मी लांब वडतो."